नऊ वर्षं वसुलीची नोकरी, आता सनद : बत्तिसाव्या वर्षी वकिलीत उतरणाऱ्याला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३२, बी.कॉम., सांगोला भागातल्या एका पतसंस्थेत नऊ वर्षं वसुली विभागात नोकरी, तीन वर्षांच्या एलएल.बी.चं शेवटचं वर्ष चालू. घरी बायको, एक मुलगी, आईवडील आणि चार एकर डाळिंब. घराण्यात कुणी वकील नाही. उशीर झालाय का, नऊ वर्षं वाया गेली असं समजायचं का, ज्युनिअरशिप (अनुभवी वकिलाच्या हाताखालची उमेदवारी) कुणाकडे करायची, पुण्या-मुंबईला जावं की जिल्ह्यातच राहावं, आणि न्यायाधीशाची परीक्षा द्यावी का.

मी सोलापूर जिल्ह्यात १९९९ पासून वकिली करतो. त्याआधी सहा वर्षं भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो, म्हणजे साखळी, फलक आणि दगडी खुणा घेऊन बांधाबांधाने फिरत होतो. माझ्याही घरात वकील नव्हता. त्यामुळे तुमचा प्रश्न मला नीट कळतो आणि उत्तरही मोकळेपणानं देतो.

उशीर झालेला नाही. आमच्या बार रूममध्ये दुपारी डबा खायला बसतो तिथे एक निवृत्त फौजदार आहेत, एक पूर्वी एसटीत वाहक होते, दोघं शिक्षक होते, आणि एक ताई बारा वर्षं सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स होत्या. मोटार अपघाताच्या दाव्यात त्या जखमेचा दाखला आणि केसपेपर असा वाचतात की विमा कंपनीचे वकील आधी त्यांच्याशी तडजोडीचं बोलून बघतात. आणखी एक गोष्ट. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली तेव्हा त्यांचं वय ३२ होतं. अर्थशास्त्राच्या मोठ्या पदव्या होत्या, बॅरिस्टरी होती, तरी सनदेच्या, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या, पैशांसाठी नवल भथेना या मित्राची मदत घ्यावी लागली. पुढे काही वर्षं वकिलीला जोड म्हणून ते बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवत. त्यांची बरोबरी करायला मी हे सांगत नाही. पहिल्या वर्षांत वकिलीवर घर चालत नाही, तेव्हा दुसरा आधार लागतो, ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीही तशीच होती, एवढंच सांगायचं आहे.

आता सगळ्यात आधी एक गाठ सोडवून घ्या, कारण तुमच्या प्रश्नात ती दिसते. "नोकरी चालू ठेवून सनद काढून ठेवू आणि हळूहळू सुरू करू" असं तुम्ही लिहिलंय. ते चालत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकर असताना वकिली करता येत नाही. वसुली अधिकारी म्हणून पगार घेत असताना "मी नोकरीत नाही" असं लिहून सनद घेतलीत, तर वकिलीची सुरुवातच खोट्या निवेदनानं होईल, आणि ते पुढे कधीही वर येऊ शकतं. दुसरा पेशाही सोबत चालत नाही. याच प्रश्नावर मुंबईच्या एका डॉक्टरांचं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं. हनीराज चुलानी विरुद्ध बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा, १९९६. दवाखाना चालू ठेवून सनद मागितली होती, आणि कोर्टानं बार कौन्सिलचा नियम योग्य ठरवला. वकिली पूर्ण वेळ मागते, असं त्या निकालाचं सार आहे. शेतीचं उत्पन्न असायला हरकत नाही. लॉ कॉलेजात दिवसाला तीन तासांपर्यंत शिकवायलाही परवानगी आहे. तेव्हा क्रम असा ठेवा : निकाल, राजीनामा, कार्यमुक्तीचं पत्र, मग सनदेचा अर्ज.

सनदेच्या फीची भीती आता बरीच कमी झाली आहे. ३० जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की अधिवक्ता कायद्याच्या कलम २४ मध्ये जी फी लिहिली आहे तीच घ्यायची : खुल्या प्रवर्गाला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५. आधी वेगवेगळ्या नावांनी हजारो रुपये जायचे. सनद सुरुवातीला तात्पुरती असते, दोन वर्षांत अखिल भारतीय बार परीक्षा काढायची. ती अवघड नाही. पहिल्याच वर्षी उरकून टाका, डोक्यावर ठेवू नका.

आता मुख्य मुद्दा. नऊ वर्षं वाया गेली का?

माझ्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट सांगतो. सिनिअरांकडे अतिक्रमणाचा दावा होता. वादी म्हणत होता, शेजाऱ्यानं अकरा गुंठे दाबलं. कोर्ट कमिशननं मोजणी झाली होती, नकाशा आमच्या पक्षकाराच्या, म्हणजे त्या शेजाऱ्याच्या, विरोधात होता आणि मोजणीदार साक्षीला उभा होता. सिनिअर उत्तम वकील, पण नकाशावर त्यांचे प्रश्न वरवरचे चालले होते. मी एक चिठ्ठी पुढे सरकवली. त्यांनी ती वाचली, चष्मा नीट केला आणि विचारलं, "मोजणी सुरू करताना कायम खूण कोणती धरली?" साक्षीदार म्हणाला, बांधावरचा दगड. "तो दगड मूळ टिपणात दाखवलेला आहे?" तो टिपण, म्हणजे मूळ मोजणीच्या नोंदीचा कागद, चाळत राहिला. "शेजारच्या गटाचा अभिलेख सोबत नेला होता?" नाही. "दोन्ही गट एकत्र मोजले?" नाही. न्यायाधीश साहेबांनी स्वतः नकाशा मागून घेतला. दोन्ही गटांची एकत्र फेरमोजणी करायचा हुकूम झाला. त्या दिवसापासून जमिनीची प्रत्येक फाइल आधी माझ्या टेबलावर यायला लागली. कायदा मला तेव्हा फार येत नव्हता. त्या साक्षीदाराच्या जागी मी सहा वर्षं उभा होतो, म्हणून कुठे चूक होते ते ठाऊक होतं.

तुमच्याकडे तसंच काहीतरी आहे, आणि तुम्हाला त्याची किंमत कळलेली दिसत नाही. सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला कसा मिळतो, त्यासाठी कोणते कागद लागतात, जामीनदाराची सही कुठे आणि कशी घेतली जाते, नियम १०७ खाली जप्ती कशी होते, हे तुम्ही हातानं केलंय. कर्जदार घाबरून वकिलाकडे येतो तेव्हा बऱ्याच नव्या वकिलांना ठाऊक नसतं की त्या दाखल्याविरुद्ध कलम १५४ खाली फेरतपासणीला जायचं तर वसुलीच्या रकमेचे निम्मे पैसे आधी भरावे लागतात. पक्षकाराला हे पहिल्याच बैठकीत सांगितलं नाही तर त्याचा वेळही जातो आणि विश्वासही.

चेक न वटल्याच्या खटल्यांचंही तसंच. तुम्ही पतसंस्थेच्या बाजूनं कितीतरी कलम १३८ च्या फायली तयार केल्या असतील. बँकेचा मेमो हातात आल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यापासून १५ दिवसांची मुदत, ती संपल्यावर एका महिन्यात फिर्याद, हे तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. पण आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून बघा. कर्ज देताना फाइलला सहीचे कोरे चेक लावून घेतलेले असतात. पुढे रक्कम कुणी भरली, कोणत्या शाईनं भरली, त्या तारखेला खातेउताऱ्यावर बाकी नेमकी किती होती, आणि चेकवर किती लिहिली, हे आरोपीच्या वकिलाला विचारता आलं पाहिजे. कायद्याचं गृहीतक चेक घेणाऱ्याच्या बाजूनं असतं. ते हलवायला आरोपीला स्वतः साक्षीला उभं राहावंच लागतं असं नाही. फिर्यादीच्याच खातेउताऱ्यातून, त्याच्याच अधिकाऱ्याच्या उलटतपासात ते हलवता येतं. त्या अधिकाऱ्याच्या खुर्चीत तुम्ही नऊ वर्षं बसला आहात.

दोन ठिकाणी मात्र जपा.

एक, तुमच्याच पतसंस्थेच्या ज्या फायली तुम्ही हाताळल्या, त्यांत कोणत्याही बाजूनं उभे राहू नका. कर्जदार तुमच्याकडे येतील, "साहेब, तुम्हाला तर सगळं आतलं माहीत" असं म्हणतील. नाही म्हणा. संस्थेनं विश्वासानं सोपवलेली माहिती विकून उभी केलेली वकिली टिकत नाही, आणि बारमध्ये ही बातमी एका दिवसात पसरते.

दोन, फक्त चेक आणि वसुली यांचेच वकील होऊ नका. हा मोह तुम्हाला नक्की होणार. ओळखीच्या चार पतसंस्था पॅनेलवर घेतील, फाइलमागे ठरावीक पैसे देतील, आणि तुम्ही महिन्याला पन्नास फिर्यादी एकाच नमुन्यावर दाखल करत बसाल. पैसे लवकर सुरू होतात, पण पाच वर्षांनी कुणी वाटपाचा दावा आणून दिला तर वादपत्र कुठून सुरू करायचं ते कळत नाही. मी स्वतः याच्या अगदी जवळून गेलोय. सुरुवातीला मला नकाशा दिसला की बाकीचं काही दिसत नसे. एका दाव्यात मोजणी, टिपण, फाळणी नकाशा यांवर मी सात पानं लिहिली आणि मागणी फक्त मनाई हुकुमाची केली. जमीन समोरच्याच्या ताब्यात गेलेली होती. ताब्याची मागणीच नव्हती. सिनिअरांनी वेळेत पाहिलं म्हणून दुरुस्ती अर्ज देऊन निभावलं. आधीच्या नोकरीतलं ज्ञान असं घात करतं : ओळखीच्या भागात आपण रमतो आणि मुदत, कोर्ट फी, मागणी या साध्या गोष्टी निसटतात.

म्हणून सिनिअर निवडताना वसुलीचं काम करणाऱ्याकडे जाऊ नका. ज्यांच्याकडे दिवाणी दावे पुराव्यापर्यंत जातात आणि सोबत थोडं सत्र न्यायालयाचं काम आहे, असे वकील शोधा. नाव मोठं असण्यापेक्षा एक गोष्ट बघा : त्यांचे ज्युनिअर कोर्टात बोलतात का. मी आधी एका बड्या ऑफिसात आठ महिने काढले. तिथे सहा ज्युनिअर होते आणि सहाही जण तारखा घ्यायचे, बॅगा उचलायचे. आठ महिन्यांत मला एकदाही साक्षीदाराला प्रश्न विचारू दिला नाही. मी ते ऑफिस सोडलं आणि दोन खोल्यांच्या एका ऑफिसात गेलो. तिथे तिसऱ्या आठवड्यात सिनिअर म्हणाले, हा सरतपास तू घे, म्हणजे आपल्या बाजूच्या साक्षीदाराला प्रश्न तू विचार.

ज्युनिअरचा दिवस कसा असतो ते ऐकून ठेवा, म्हणजे नंतर धक्का बसत नाही. सकाळी बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, बघून डायरी लावायची. कोणत्या कोर्टात काय, कोणत्या टप्प्यावर, मागच्या तारखेचा रोजनामा (कोर्टाची त्या दिवसाची नोंद) काय म्हणतो. मग पुकारा चुकणार नाही अशा बेतानं तीन कोर्टांत पळायचं. दुपारी नकलेचा अर्ज, शिरस्तेदारांकडे त्रुटी दुरुस्त करणं, ई-फायलिंग. कोर्टातला कर्मचारी, वकिलांचे कारकून, बेलिफ, टायपिस्ट, यांच्याशी नीट बोला. मला दरखास्तीचं, म्हणजे निकालाची अंमलबजावणी करून घ्यायचं, काम एका कारकुनानं शिकवलं. हुकूमनामा मिळाला म्हणजे पक्षकाराचं काम झालं असं मी समजत होतो. त्या भाऊंनी दाखवलं की खरं काम तिथून पुढे आहे. संध्याकाळी ऑफिसात सिनिअरांच्या जुन्या फायली काढा आणि वादपत्र, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), अंतरिम अर्ज हातानं उतरवून काढा. टाइप करून नको. हातानं उतरवताना प्रत्येक परिच्छेद तिथे का आहे हा प्रश्न पडतो, आणि तो प्रश्नच शिकवतो. असे तीन वर्षं तरी करा. मी पाच केली.

पैशांचं स्पष्ट बोलतो. मला पहिल्या वर्षी महिना ५०० रुपये मिळत. बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरांना शहरात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० द्यावेत अशी शिफारस केली आहे. ती शिफारस आहे, सक्ती नाही. आमच्याकडच्या तालुका कोर्टांत एवढं देणारे सिनिअर मला फार थोडे दिसतात. तेव्हा तुम्ही राजीनामा देण्याआधी घरखर्चाचे दोन वर्षांचे पैसे वेगळे काढा, त्यात मुलीची फी आणि आईवडिलांची औषधं धरा. डाळिंबाचं उत्पन्न यात धरू नका, एक तेल्या रोग आला तर हिशोब कोलमडतो. कर्ज असेल तर आधी तेवढं फेडा, त्यासाठी नोकरी एक वर्ष लांबली तरी चालेल. बायकोशी हा हिशोब कागदावर मांडून बोला. पहिल्या दोन वर्षांत वकिली सोडणारे मी जे पाहिले, त्यातल्या बहुतेकांना कायदा जमत नव्हता असं नाही. घरभाडं जमत नव्हतं.

एक रस्ता तुमच्यासारख्यांनी अवश्य बघावा. विधी सेवा प्राधिकरणानं २०२२ पासून जिल्ह्याजिल्ह्यात लोक अभिरक्षक कार्यालयं सुरू केली आहेत. ज्यांना वकील परवडत नाही अशा आरोपींचा बचाव तिथले वकील करतात. सहायक पदासाठी शून्य ते तीन वर्षांचा अनुभव चालतो, महिन्याला ठरावीक मानधन मिळतं. खासगी काम घेता येत नाही, पण रिमांड, जामीन, उलटतपास रोज करायला मिळतो. दोन वर्षांत तिथे जेवढा फौजदारी अनुभव येतो तेवढा खासगी ऑफिसात यायला बराच काळ लागतो.

पुणे-मुंबईचं फार लांबवत नाही. मोठ्या फर्म, कंपन्यांचे करार, मुंबईची सॉलिसिटरची तीन वर्षांची आर्टिकलशिप आणि परीक्षा, हे सगळं चांगलं आहे, पण तेविसाव्या वर्षी विधी विद्यापीठातून बाहेर पडलेल्या, खोली भाड्यानं घेऊन राहू शकणाऱ्या मुला-मुलींना ते सोपं जातं. कंपनीत विधी अधिकारी झालात तर पगार मिळेल, पण तीही नोकरीच, सनद थांबवून ठेवावी लागते. तुमचे पक्षकार सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर इथे आहेत आणि तुमची भाषा त्यांची आहे. शेतकरी साक्षीदार "सामाईक बांध" म्हणतो तेव्हा त्याला काय म्हणायचंय ते तुम्हाला विचारावं लागत नाही.

आणि जिल्ह्यात राहणाऱ्यासाठी परिस्थिती नुकतीच बदलली आहे. इतकी वर्षं आमचं अपील म्हणजे रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस, सकाळी मुंबई, दिवसभर बोर्डाकडे डोळे लावून बसायचं, प्रकरण निघालं नाही तर परत रात्रीची गाडी. पक्षकाराचे पैसे त्यातच संपायचे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्यात आहेत. खालच्या कोर्टात ज्याने पुरावा स्वतः नोंदवला तोच वकील आता हायकोर्टातही आपल्या फाइलमागे जाऊ शकतो. त्यासाठी इंग्रजी पक्कं करा. रोज एक निकाल मूळ इंग्रजीत पूर्ण वाचायचा आणि त्याचा मुद्दा दहा ओळींत इंग्रजीतच लिहायचा. दुसऱ्या अपिलात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० खाली कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न मांडावा लागतो. तो प्रश्न दोन ओळींत लिहिता येणं ही वेगळी विद्या आहे, तिला आत्तापासून सुरुवात करा.

न्यायाधीशाच्या परीक्षेचं. २० मे २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशासाठी तीन वर्षं वकिलीची अट पुन्हा आली आहे. ही वर्षं तात्पुरत्या सनदेपासून मोजली जातात. तुम्ही पुढच्या वर्षी सनद घेतली तर तीन वर्षं भरेपर्यंत छत्तिशी येते. तुमच्या प्रवर्गाची वयोमर्यादा जाहिरातीतून काढून आजच ताळा करा, क्लासची फी भरण्याआधी. बसत नसेल तर मन खट्टू करू नका : सात वर्षांच्या वकिलीवर जिल्हा न्यायाधीशाची थेट परीक्षा असते, मधे सहायक सरकारी अभियोक्त्याची असते. या सगळ्यांची तयारी एकच, रोज कोर्टात उभं राहणं. परीक्षेसाठी म्हणून नावापुरती सनद घेऊन घरी बसलेले काही जण मी पाहिले आहेत. मुलाखतीत "शेवटचा उलटतपास कुणाचा घेतला" एवढ्या एका प्रश्नावर ते अडकतात.

राजीनाम्याआधी एक काम करा. तुमच्या दहा किरकोळ रजा शिल्लक असतील. त्या लागोपाठ न घेता दोन महिन्यांत पसरून घ्या आणि प्रत्येक दिवशी एकाच कोर्टात, वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे, अकरापासून उठेपर्यंत मागच्या बाकावर बसा. वहीत तीन गोष्टी लिहा : कोणता साक्षीदार होता, कोणत्या प्रश्नावर तो डगमगला, आणि तो प्रश्न तुम्हाला सुचला असता का. वकिलांची नावंही लिहा. दहा दिवसांनी त्या वहीत जे नाव दोनदा-तीनदा आलं असेल, त्यांच्या ऑफिसात संध्याकाळी सातनंतर जा, वही सोबत घेऊन.